डॉक्टर साडेनऊला म्हणाले सुट्टी, अन् घरी पोचलो दुसऱ्या दिवशी

"मावशी, मी दारव्हा तालुक्यातून लिहून राह्यली. दसऱ्याच्या आधी अचानक पाणी आलं तवा आमचे मामाजी सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकायले धावले अन् चिखलात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळले प्रायव्हेटमधी ऑपरेशन झालं. देर चाकणले कंपनीत आहे, त्याच्या कंपनीच्या इन्शुरन्समधी कॅशलेस झालं, म्हंजे बिल विमावाले सरळ दवाखान्याले देणार, म्हणून पैशाचं टेन्शन नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी साडेनऊले मोठे डॉक्टर राऊंडले आले अन् म्हणाले आज सुट्टी. आम्ही बॅगा भरल्या, गावातून बोलेरो बोलावली, सासूबाईनं घरी शेजारच्या बाया जमवल्या. अन् मंग मावशी, बसलो ते बसलोच. कोणी म्हणे फाईल खाली गेली, कोणी म्हणे अप्रूव्हल यायचं आहे. दुपारी मामाजीचं जेवण बी नाही आलं, ताटंवाला म्हणे यांचं तं डिस्चार्ज झालं. संध्याकाळी सातले बिलिंगवाला म्हणे इन्शुरन्स कंपनीनं क्वेरी टाकली, घाई असन तं पैसे भरा अन् मंग क्लेम करा. ह्यांनी अडत्याले फोन लावला, ओलं सोयाबीन काय भावानं घेतो म्हणून, त्यानं भाव सांगतला तसं ह्यांचं डोकं फिरलं. सिस्टरच्या टेबलावर फाईल आपटली अन् नाही ते बोलले. बोलेरोवाला वेटिंगचे पैसे घेऊन रिकामा परत गेला. दुसऱ्या दिवशी साडेअकराले निघालो. आता टाके काढायले तिथंच बोलावलं आहे अन् हे म्हणतात त्या दवाखान्याची पायरी चढत नाही, गावातल्या कंपाउंडरकडून काढून घेऊ. मले तं त्या सिस्टरसमोर जायची शरम वाटते. चूक कोणाची होती मावशी? अन् पुढच्या वेळी असं अडकू नये म्हणून काय करा लागते?"

बाई, तुझं पत्र वाचून पहिले हसू आलं, मग राग आला, मग परत हसू आलं. सासूबाईंनी जमवलेल्या बाया किती वाजेपर्यंत बसल्या ते तू लिहिलंच नाहीस, चहाचं आंधण किती वेळा चढलं असेल त्या दिवशी काय माहीत.

मी सत्तावीस वर्षं सिस्टर होते, पहिले ग्रामीण रुग्णालयात अन् मग उपजिल्ह्याला, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूचं मला पाठ आहे. अन् मागच्या वर्षी आमच्या ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं एका प्रायव्हेट दवाखान्यात तेव्हा ह्या बाजूचंही पाठ झालं. एवढी नोकरी करून, कोणती फाईल कुठं अडते हे माहीत असून, मी सकाळी दहा ते संध्याकाळी सव्वापाच लोखंडी बाकड्यावर बसून होते, मांडीवर पिशवी, पिशवीत ह्यांची बंडी, टॉवेल अन् बिस्किटाचा अर्धा पुडा. साडेतीनला मला काही राहवलं नाही, उठले अन् काउंटरवरच्या पोरीवर खेकसले, असेल बावीस-तेवीसची. ती काही बोलली नाही, रजिस्टर फिरवून माझ्यापुढे ठेवलं. त्या दिवशी सुट्टीची अकरा नावं होती अन् आमच्या नावासमोर पेन्सिलनं लिहिलेलं होतं, सर्जन सही बाकी. सर्जन एक वाजेपासून ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत. म्हणजे ती पोरगी काही करूच शकत नव्हती, अन् हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं, तरी खेकसले. तर तुझ्या नवऱ्याला मी कोणत्या तोंडानं नावं ठेवू सांग.

आता चूक कोणाची ते.

आपल्याकडे शाळेची सुट्टी अन् दवाखान्याची सुट्टी एकाच शब्दात बसते. घंटा झाली की पोट्टे जसे दप्तर घेऊन सुटतात तसं डॉक्टरच्या तोंडून सुट्टी ऐकली की आपण बॅगेची चेन लावतो अन् गावात फोन करतो. डॉक्टरचं म्हणणं मात्र एवढंच असतं की पेशंट आता घरी न्यायसारखा आहे. सुट्टीचं काम तिथून सुरू होतं. मोठे डॉक्टर तुमच्या कॉटपासून दुसऱ्या वॉर्डात जातात, ज्युनिअर डॉक्टर पूर्ण राऊंड आटोपल्यावर, म्हणजे अकरा-साडेअकराला, डिस्चार्ज कार्ड लिहायला बसतो, त्याच्यापुढे अशी सात-आठ कार्डं असतात अन् मधेच कॅज्युअल्टीतून फोन येतो की उठून पळावं लागतं. कार्ड टाईप झालं की मोठ्या डॉक्टरची सही. इकडे सिस्टर उरलेल्या गोळ्या, इंजेक्शनं, सिरिंजा मोजून मेडिकलमध्ये परत पाठवते, मेडिकलवाला ते बिलातून कमी करतो, फिजिओवाला त्याच्या व्हिजिट टाकतो, लॅबवाला सांगतो आमचं काही बाकी नाही, तेव्हा कुठं फायनल बिल निघतं. अन् ह्या सगळ्याच्या मधात दोन वाजता सिस्टरची ड्युटी बदलते. सकाळचीनं अर्धं सोडलेलं काम दुपारचीला समजेपर्यंत तीन वाजतात, माझ्या नोकरीत जेवढ्या फायली गहाळ झाल्या त्यातल्या निम्म्या ह्या एका तासात झाल्या असतील. सापडायच्या कुठं, तर कोणाच्या तरी टिफिनखाली.

हे सगळं जमलं की मग इन्शुरन्स डेस्कवरचा माणूस बिल, कार्ड अन् रिपोर्ट स्कॅन करून विमा कंपनीकडे पाठवतो. तुमच्या गोष्टीतली खरी गाठ इथं आहे. विम्यावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे आयआरडीएआय, तिचं 29 मे 2024 चं परिपत्रक आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की कॅशलेसची सुरुवातीची परवानगी विमा कंपनीनं एका तासात द्यायची अन् सुट्टीच्या वेळची शेवटची परवानगी, दवाखान्याची रिक्वेस्ट मिळाल्यापासून तीन तासांत. तीन तासांच्या वर गेलं अन् त्या उशिरापायी दवाखान्यानं जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीनं स्वतःच्या खिशातून भरायचे, तुम्ही नाही. पण घड्याळ कधी सुरू होतं ते नीट वाच. रिक्वेस्ट मिळाल्यापासून. डॉक्टरनं साडेनऊला सुट्टी म्हटलं तिथून नाही.

आता हिशोब लाव. सातला क्वेरी आली म्हणजे माझ्या अंदाजानं कागद गेले असतील चार-साडेचारला. साडेनऊ ते साडेचार फाईल दवाखान्यातच फिरत होती अन् तेव्हाही तुम्हाला जो भेटे तो सांगत होता अप्रूव्हल यायचं आहे. अरे बाप्पा, मागायला कागद गेलाच नव्हता तर अप्रूव्हल येणार कुठून, आभाळातून? मी म्हणत नाही की कोणी मुद्दाम खोटं बोललं. ज्याला विचारलं त्याला खरंच माहीत नव्हतं अन् माहीत नाही म्हणण्यापेक्षा अप्रूव्हल म्हणणं सोपं, लोक गुमान परत जाऊन बसतात.

म्हणून पुढच्या वेळी "कधी होईल" हे विचारायचंच नाही, त्याला उत्तर एकच, होऊन जाईल. सरळ इन्शुरन्स डेस्कवर जायचं अन् विचारायचं, फायनल बिल कंपनीला किती वाजता पाठवलं? पाठवलं नसेल तर काय अडलंय, सही का मेडिकल का टायपिंग, अन् मग त्या जागी जाऊन विचारायचं. पाठवलं असेल तर वेळ मोबाईलमध्ये लिहून ठेवायची अन् तिथूनच देराला फोन लावायचा. बरेचदा क्लेम कुठं पोचला ते त्याला तिकडे मोबाईलवर दिसतं, अन् त्याच्या कंपनीच्या एचआरकडे विमावाल्या माणसाचा नंबर असतोच, चाकणहून गेलेला एक फोन जेवढं हलवतो तेवढं आपण इथं सहा तास उभं राहून हलत नाही. तीन तास उलटून गेले तर विमा कंपनीला लेखी तक्रार, मेल केला तरी चालतो, अन् त्याही उपर आयआरडीएआयचा 155255 नंबर आहे. तुम्हाला रात्रीच्या बेडचे पैसे लागले का ते तू लिहिलं नाहीस, बिलाचे कागद काढून बघ, लागले असतील तर देराला सांग अन् मागा.

अन् क्वेरी काय होती ते कोणी सांगितलं का तुम्हाला? पडून हाड मोडलेल्या केसमध्ये कंपनीचे प्रश्न ठरलेले असतात बाई. कसे पडले, कुठं पडले, पेलेले होते का, पोलिसात नोंद झाली का. मामाजींसारख्या माळकरी माणसाला (आहेत की नाही मला माहीत नाही, गंजी वाचवायला धावले म्हणून मी आपली धरून चालले) पेलेले होते का म्हणून विचारलं की घरच्यांना राग येतो, पण तो फॉर्मातला रकाना आहे, कोणाचा अपमान करायला नाही. कसे पडले ते साध्या कागदावर लिहून, सही करून, ॲडमिट झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी डेस्कवर देऊन ठेवायचं. दुसरं म्हणजे आत जो रॉड नाहीतर बॉल टाकला त्याच्या डब्यावर स्टिकर असतं, ते स्टिकर अन् त्याचं बिल कंपनीला लागतंच, ऑपरेशन झालं त्याच दिवशी ओटीतल्या सिस्टरला विचारायचं की फाईलला लावलं का. सुट्टीच्या दिवशी ते शोधायला गेलं तर ज्याच्याकडे कपाटाची चावी तो नेमका जेवायला गेलेला असतो.

खरं तर सुट्टीचं काम आदल्या संध्याकाळी करायचं असतं. संध्याकाळी डॉक्टर चक्कर मारतात तेव्हा विचारायचं की उद्या होईल का, हो म्हणाले तर ज्युनिअरला म्हणायचं साहेब कार्ड आजच लिहून ठेवता का, सगळे नाही लिहीत पण दहातला चौथा लिहितो. तोपर्यंतचं बिल आदल्या रात्रीच बघून घ्यायचं. ग्लोव्हज, डायपर अन् असल्या बारीकसारीक वस्तूंचे पैसे विम्यात बहुतेक बसत नाहीत, तेवढी रोख जवळ ठेवायची, नाहीतर सगळं मंजूर होऊन एवढ्याशा रकमेसाठी एटीएम शोधत फिरावं लागतं. रविवारी किंवा सणाच्या दिवशी सुट्टी असेल तर वेळ दुप्पट धरून चालायचं. अन् गाडी बोलवायची ती गेटपास हातात आल्यावर. बोलेरोवाल्याला आधी सांगून ठेवायचं की फोन आला की निघ, यवतमाळ काही दिल्ली नाही, तासा-दीड तासात येतो तो. सोबतचे जास्तीचे लोक लालपरीनं आधीच घरी पाठवून द्यायचे, बायांना तसंही 2023 पासून अर्धं तिकीट आहे, सगळ्यांनी मिळून एका बाकड्यावर बसून एकमेकांचं डोकं तापवण्यात काय अर्थ.

"पैसे भरा अन् मग क्लेम करा" याला तुम्ही बळी पडला नाहीत हे मला पत्रातलं सगळ्यात जास्त आवडलं. भाव सांगून अडत्यानं तुमच्यावर उपकारच केले म्हण. एका रात्रीच्या घाईपायी वर्षाचं पीक मातीमोल द्यायचं अन् मग क्लेमचे पैसे कधी येतात म्हणून देराला दर आठवड्याला फोन करायचा, त्यापेक्षा एक रात्र कॉटवर काढलेली परवडली. बिल बाकी आहे म्हणून पेशंटला डांबून ठेवता येत नाही हेही माहीत असू दे. महाराष्ट्रात 2021 च्या सुधारित नियमांपासून खाजगी दवाखान्यांना पेशंटच्या हक्कांची सनद अन् दरपत्रक दिसेल असं लावावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते कुंडीच्या मागं असतं, पण असतं.

मामाजींचं ताट आलं नाही, त्याचं मला मात्र फार लागलं. यामागं कोणाचा दुष्टपणा नाही, सकाळी फाईलवर डिस्चार्ज लिहिलं की किचनच्या यादीतून नाव कटतं अन् औषधं मेडिकलला परत जातात, त्यामुळे दुपारचं जेवण बी जातं अन् दुपारची गोळी बी जाते. म्हातारा माणूस, सहा दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेला, सुट्टी झाली सुट्टी झाली म्हणत उपाशी बसलेला, त्यात शुगर असली तर बघायलाच नको. सुट्टी म्हटलं की पहिले सिस्टरला विचारायचं, दुपारचा डोस कोणता अन् तो बाजूला काढून द्या, अन् जेवण चालू ठेवा. अन् कॉट सोडायची नाही. दुसरा पेशंट यायचा आहे, बाहेर बसता का, असं कोणी गोडीनं म्हणतं अन् आपण भिडेपायी उठतो. खुब्याचा पेशंट बाकड्यावर बसवायचा नसतो, कागद हातात येईपर्यंत कॉट त्यांचीच आहे, शांतपणे नाही म्हणायचं.

आता तुझे हे. राग यायला पाहिजे होता अन् आला. चुकीच्या टेबलावर आला एवढंच. सिस्टर दिसते, डोळ्यासमोर बसलेली असते, म्हणून सगळ्यांचा राग तिच्यावर निघतो, बिलिंगवाला काचेच्या मागं असतो अन् विमावाला तर कुठल्या शहरात बसतो कोणास ठाऊक. मला माझ्या नोकरीत लोक काय काय बोलले ते इथं छापता येणार नाही. पण ह्यांना एक सांग, फाईल आपटली इथवर ठीक, हात उचलला असता किंवा काच फोडली असती तर 2010 चा महाराष्ट्राचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद अन् 50,000 रुपयांपर्यंत दंड, अन् तिकडे सोयाबीन गंजीतच राहिलं असतं.

तुला शरम वाटते म्हणतेस, तर तुला एक सांगते. एकदा एक माणूस मला बायकोच्या बाळंतपणानंतर सुट्टीवरून असं बोलला की मी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडले होते. दीड महिन्यानं बाळाच्या लसीला आला. माझ्याकडे बघितलं नाही, बोलला बी नाही, टेबलाच्या कोपऱ्यावर हरभऱ्याच्या हिरव्या ढाळ्याची जुडी ठेवली अन् लाईनीत जाऊन उभा राहिला. आम्ही तिघी सिस्टरनी दुपारी ते हरभरे सोलून खाल्ले अन् मग तो कोण होता ते मला आठवलं. म्हणजे मी विसरलेच होते. तुमच्या त्या सिस्टरनं तुमच्यानंतर शंभर लोकांचं ऐकलं असेल, तिला ह्यांचा चेहरा आठवेल असं मला वाटत नाही. आठवलाच तर तू म्हण, त्या दिवशी आमचे हे जास्त बोलले, मनावर घेऊ नका. पेढे-बिढे न्यायची गरज नाही.

पण टाके कंपाउंडरकडून, हे काही मला चालायचं नाही. टाका ओढून काढणं हे दोन मिनिटांचं काम आहे, मीच हजारो काढले असतील, त्यासाठी बोलावत नाहीत. जखम बघायची असते, एक्सरे काढून आतला रॉड जागेवर आहे का बघायचा असतो, पायावर किती भार द्यायचा ते ठरवायचं असतं, रक्त पातळ ठेवायचं औषध चालू असेल तर ते कधीपर्यंत ते विचारायचं असतं. ते औषध घरी मनानं बंद करू नका. तारखेच्या आधीही पिंढरी सुजली, दुखायला लागली, धाप लागली, ताप आला नाहीतर जखमेतून पाणी-पू आला तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी निघायचं. ह्यांना दवाखान्यात पाय ठेवायचाच नसेल तर गाडीत बसू दे खाली, चहाच्या टपरीवर बसू दे, तू अन् सासूबाई वर जा. खुब्याच्या पेशंटला एसटीच्या पायऱ्या नकोत, गाडी करा.

पत्र वाचणाऱ्या बाकी लोकांसाठी दोन ओळी, कारण सगळ्यांचे देर चाकणला नसतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झालं असेल तर सुट्टीच्या वेळी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा, त्याचं टेबल बहुतेक दाराजवळच असतं. पेशंटचा फोटो अन् सही-अंगठा झाल्याशिवाय निघू नका, अन् घरी जायचं एसटीचं भाडं योजनेत धरलेलं असतं ते मागा, मागितल्याशिवाय कोणी आठवण करत नाही. सुट्टीनंतर 10 दिवसांपर्यंतची तपासणीही त्यातच येते. दवाखान्यानं पैसे मागितले तर 155388 ला फोन.

बाई, टाक्याची तारीख सोमवारची असेल तर फोन करून मंगळवार घे, सोमवारच्या ओपीडीत दुपार होते. डिस्चार्ज कार्ड अन् दोन्ही एक्सरे पिशवीत आजच टाकून ठेव. अन् मामाजींना सांग, संडासला उंच खुर्ची लावा अन् खाली मांडी घालून बसायचं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही, मग दारात कोणी कितीही मोठा पाहुणा येवो. गंजीवर ताडपत्री टाकायला ह्यांना पाठव.